आवारातले झाड आणि वीजवाहिनी : नवख्या घरमालकासाठी हक्कांचे मार्गदर्शन

पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील वीज कंपन्या देखभालीची कामे हाती घेतात आणि त्यांतले एक मोठे काम म्हणजे तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणे. ज्यांनी नुकतेच घर, बंगला किंवा बागायतीचा तुकडा विकत घेतला आहे, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या मालकीच्या जागेतही वीज कंपनीला काही अधिकार असतात हे कोयते घेतलेली माणसे फाटकाशी आल्यावरच कळते. मग कोणी जागा माझी, झाड माझे असे म्हणून वाट अडवतो, तर कोणी सरकारी काम आहे असे समजून काहीही न विचारता बाजूला होतो. कायद्याच्या दृष्टीने या दोन्ही वागण्यांत घरमालकाचे नुकसानच आहे.

वाहिनी आपल्या जागेतून जाऊच नये, असा हक्क घरमालकाला बहुतेक प्रसंगी नसतो. मात्र काम कोणत्या अधिकाराने चालले आहे हे विचारण्याचा, कमीत कमी नुकसान करून ते करून घेण्याचा आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क त्याला निश्चित असतो. या हक्कांपैकी भरपाईचा हक्क बऱ्याच अंशी एकाच प्रश्नावर उभा आहे : झाड आधी लागले की तार आधी आली? त्याचे उत्तर वेळेवर कागदावर आणून ठेवणे हे घरमालकाचे खरे काम आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच दिशेने जातात. हे विवेचन महाराष्ट्रापुरते आहे. गोव्यात वीज कायदा हाच लागू असला, तरी तेथे वृक्षसंरक्षणाचा 1984 चा स्वतंत्र कायदा आहे, हे तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : तार कोणती आणि कोणाची, हे ओळखणे

घराघरांत वीज पोचवणारी लघुदाब वाहिनी, म्हणजे बोलीतली एल.टी. लाईन, 230 ते 400 व्होल्टची असते. तिच्या खांबांवर साधारणपणे चार-पाच उघड्या तारा दिसतात किंवा अलीकडे एकच जाड, पीळ दिलेली काळी केबल दिसते. आडव्या लोखंडी पट्टीवर चिनी मातीच्या टोप्यांवरून तीनच तारा जात असतील आणि त्या पुढे डीपीला मिळत असतील, तर ती बहुधा 11 किंवा 22 केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उच्चदाब वाहिनी असते. 33 केव्हीची वाहिनी एका उपकेंद्राकडून दुसऱ्याकडे जाते. जाळीदार लोखंडी मनोरे आणि लोंबत्या चकत्यांच्या माळा दिसल्या, तर ती 66 केव्ही किंवा त्याहून अधिक दाबाची, वीज दूरवर वाहून नेणारी पारेषण वाहिनी समजावी. खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर दाब लिहिलेला असतो. तो आणि खांबाचा किंवा मनोऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागतो.

राज्याच्या बहुतेक भागांत वितरण महावितरणकडे आणि पारेषण महापारेषणकडे आहे. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर या वितरण कंपन्या आहेत. आंतरराज्य पारेषण वाहिन्या पॉवरग्रिड किंवा खासगी पारेषण कंपन्यांच्या असू शकतात. वाहिनी एका कंपनीची आणि अर्ज दुसऱ्या कंपनीकडे, असे झाले की महिना-दोन महिने सहज वाया जातात.

दाब कळला की झाड खरोखर किती दूर असायला हवे याचा अंदाज घेता येतो. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्राने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तार आणि झाड यांत किमान अंतर 11 केव्हीला 2.6 मीटर, 33 केव्हीला 2.8 मीटर, 132 केव्हीला 4 मीटर, 220 केव्हीला 4.6 मीटर आणि 400 केव्हीला 5.5 मीटर धरले आहे, आणि वाहिनीच्या पट्ट्याची रुंदी 11 केव्हीला 7 मीटर, 33 केव्हीला 15 मीटर, 132 केव्हीला 27 मीटर व 220 केव्हीला 35 मीटर धरली आहे. हे आकडे वनजमिनीसाठी असले, तरी खासगी जागेतील मागणी वाजवी आहे की नाही हे पडताळायला उपयोगी पडतात. 11 केव्हीच्या तारेपासून सहा मीटर दूर असलेला आंबा ‘लाईनला आडवा येतो’ म्हणून बुंध्यापासून तोडायचा आहे, असे कोणी सांगू लागले, तर त्याचे कारण लेखी मागायला हरकत नाही.

फांदी केवळ तुमच्याच घराकडे येणाऱ्या सर्व्हिस वायरला लागत असेल, तर प्रश्न फारच लहान आहे. ती तार आवरण असलेली असते आणि तिची दिशा बदलणे झाड तोडण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी पायरी : झाडाचे वय आणि वाहिनीची तारीख कागदावर आणणे

हे काम वाद उद्भवण्याआधी करावे. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 68(5) प्रमाणे, उपरी तारेजवळचे झाड वीजवहनात अडथळा आणत असेल किंवा आणण्याची शक्यता असेल, तर परवानाधारक कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून ते काढण्याचा आदेश मिळवू शकते. परंतु कलम 68(6) पुढे असे सांगते की, तार टाकण्यापूर्वीपासून अस्तित्वात असलेल्या झाडाबाबत दंडाधिकाऱ्याने हितसंबंधित व्यक्तीला वाजवी भरपाई मंजूर करावी आणि ती कंपनीकडून वसूल करता यावी. तार आधी असून झाड नंतर तिच्याखाली लावले असेल, तर या कलमाखाली भरपाईचा आधार राहत नाही. झाड या शब्दात झुडूप, कुंपणाची वई आणि इतर वनस्पतीही या कलमाने अंतर्भूत केल्या आहेत, त्यामुळे मेंदीचे जुने कुंपण क्षुल्लक म्हणून सोडून देऊ नये.

झाडाच्या बाजूने पुरावा अनेक ठिकाणी सापडतो. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना 12 मध्ये, फळझाडांची नोंद असू शकते. नसेल तर ई-पीक पाहणीत ती करून घ्यावी. मागील वर्षांचे जुने उतारे तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात आणि तेच सर्वांत वजनदार ठरतात. शहरात मालमत्ता पत्रकावर झाडे नसतात, परंतु महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. त्या गणनेतील नोंदीची प्रत मागावी. जुने खरेदीखत, इमारतीचा मंजूर नकाशा, बँकेच्या कर्जासाठी केलेला मूल्यांकन अहवाल, गूगल अर्थवरील मागील वर्षांची उपग्रहचित्रे आणि घरातल्या लग्नकार्याचे जुने फोटो हे सर्व पूरक पुरावे आहेत. फोटोत झाड आणि मागची मोकळी, तारेविना जागा एकत्र दिसली, तर त्या फोटोची किंमत पन्नास पानी युक्तिवादापेक्षा जास्त.

वाहिनीची तारीख कंपनीकडून मिळवावी लागते. महावितरण आणि महापारेषण या शासकीय कंपन्या माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली येतात. दहा रुपये शुल्क भरून, अर्ज एकाच विषयापुरता आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे 150 शब्दांच्या आत ठेवून, तीनच गोष्टी मागाव्यात : अमुक क्रमांकाच्या खांबावरून जाणारी वाहिनी कार्यान्वित झाल्याची तारीख, तिचा मंजूर मार्गनकाशा, आणि त्या मार्गावरील खासगी जमिनीसंबंधी त्या वेळी घेतलेल्या संमती किंवा दिलेल्या भरपाईची कागदपत्रे. उत्तर 30 दिवसांत अपेक्षित असते. लांबलचक तक्रारवजा अर्ज केला की तो फेटाळायला निमित्त मिळते.

घर नवे घेतले असेल, तर खरेदीखतात आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वाहिनीचा उल्लेख आहे का, हेही पाहावे. आधीच्या मालकाने एकरकमी भरपाई घेतलेली असेल, तर त्याच नुकसानीसाठी पुन्हा मागणी टिकणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील झाड हे एका सभासदाचे नसून संस्थेचे असते, म्हणून तेथील पत्रव्यवहार व्यवस्थापक समितीच्या ठरावाने आणि सचिवाच्या सहीने व्हावा.

तिसरी पायरी : कंपनी कोणत्या अधिकाराने आली आहे, हे विचारणे

नवख्या माणसाचा गोंधळ सर्वांत जास्त येथेच होतो. शेजाऱ्याच्या वाटेचा किंवा पाटाचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातून येतो. वीज कंपनीचा हक्क मात्र प्रामुख्याने वीज कायद्यातून येतो आणि त्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. दोन्हींत घरमालकाचे स्थान वेगळे आहे.

पहिला मार्ग कलम 67 चा. या कलमाखालील 2006 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे, खासगी जमिनीवरून तार नेण्यासाठी किंवा तिच्यात खांब रोवण्यासाठी मालकाची वा भोगवटादाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. मालकाने हरकत घेतली, तर कंपनीला जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवावी लागते, आणि ती देताना त्या अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून भरपाई किंवा वार्षिक भाडे किंवा दोन्हीही ठरवायचे असते. त्याच्या आदेशाचे पुनरीक्षण वीज नियामक आयोग करू शकतो. याखेरीज, मालकाने पुरेसे कारण दाखवल्यास आधीच उभारलेला खांब वा तार हलवण्याचा आदेश देण्याचीही तरतूद या नियमांत आहे, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. कलम 67(3) कंपनीवर कमीत कमी नुकसान व गैरसोय करण्याचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याचे बंधन घालते.

दुसरा मार्ग कलम 164 चा. शासन आदेश काढून एखाद्या कंपनीला भारतीय तार अधिनियम, 1885 मधील तार प्राधिकाऱ्याचे अधिकार देऊ शकते आणि पारेषण वाहिन्यांची कामे बहुधा याच अधिकाराने चालतात. 2023 च्या दूरसंचार कायद्यात जुना तार अधिनियम रद्द करण्याची तरतूद असली, तरी कलम 164 खालील पारेषण वाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग राखून ठेवला आहे. या मार्गात मालकाची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पॉवरग्रिडच्या 2016 च्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मात्र तार अधिनियमाच्या कलम 10 नुसार कंपनीला जमिनीचा केवळ वापर मिळतो, मालकी मिळत नाही; आणि तेच कलम शक्य तितके कमी नुकसान करण्याचे व सर्व हितसंबंधितांना पूर्ण भरपाई देण्याचे बंधन घालते. मालकाने अडवणूक केली, तर कंपनी कलम 16 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून कामाला मुभा देणारा आदेश मिळवते आणि त्या आदेशानंतरही विरोध करणे हा दंडनीय अपराध ठरतो. म्हणून दंडाधिकाऱ्याचा आदेश हातात पडल्यावर फाटकाला कुलूप लावण्याचा सल्ला देणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे.

तेव्हा दारात आलेल्या अभियंत्याला विचारायचा प्रश्न असा : हे काम कलम 67 खाली आहे, 68(5) खाली आहे की 164 खाली? जो मार्ग असेल त्याचा आदेश, परवानगी किंवा नोटीस यांची प्रत द्यावी. बहुतेक वेळा समोरचा कंत्राटदाराचा मुकादम असतो आणि त्याला यातले काहीही ठाऊक नसते. अशा वेळी त्याच्याशी हुज्जत न घालता उपविभागाच्या सहायक किंवा उपकार्यकारी अभियंत्याला फोन लावून, तोच प्रश्न त्याच दिवशी ई-मेलने पाठवावा.

चौथी पायरी : छाटणी आणि तोड यांत फरक करणे

तारेवर आलेली वाळकी फांदी छाटायला विरोध करण्यात अर्थ नाही. ओली फांदी तारेला लागली की तिच्यातून प्रवाह जमिनीत उतरतो आणि खालून जाणाऱ्या माणसाचा किंवा गुराचा जीव जाऊ शकतो. घरमालकाने स्वतः बांबूला कोयता बांधून ती तोडू नये, माळ्यालाही सांगू नये. 1912 या क्रमांकावर किंवा शाखा कार्यालयात कळवावे आणि वाहिनी बंद करून, तसे परमिट (काम करण्याची लेखी मुभा) घेऊनच काम व्हावे असा आग्रह धरावा.

बुंध्यापासून तोड हा वेगळा विषय आहे. महापालिका आणि नगरपालिका क्षेत्रांत 1975 च्या अधिनियमाखाली कोणत्याही व्यक्तीला, अगदी स्वतःच्या जागेतलेही, झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या वा प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही आणि झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सर्व तोडीतच मोडते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आणले. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत आणि त्यांच्या तोडीला वन विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ या यादीत नाही.

यातून घरमालकाने दोन गोष्टी कराव्यात. कंपनी झाड तोडायला आली असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी तिने घेतली आहे का, हे विचारावे आणि प्रत मागावी. आणि ‘तुम्हीच तोडून टाका, आम्ही लाईन बंद करून देतो’ हा सौजन्याचा वाटणारा प्रस्ताव मुळीच स्वीकारू नये. परवानगीशिवाय तोड झाल्यास गुन्हा तोडणाऱ्या मालकावर येतो आणि स्वतःच्या हाताने काढलेल्या झाडाची भरपाई मागणेही कठीण होते.

नारळ आणि सुपारी यांच्याबाबत कोकणातल्या मालकांनी विशेष सावध राहावे. आंबा, वड, चिंच यांच्या फांद्या छाटल्या तर नवे धुमारे फुटतात, परंतु माडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि शेंडा उडवला की माड मरतो. म्हणून माडाच्या बाबतीत छाटणीच्या नावाखाली शेंडा घेणे ही प्रत्यक्षात तोडच असते आणि भरपाईचा हिशेबही तोडीचाच झाला पाहिजे. तारेकडे झुकलेल्या झावळ्या वेळोवेळी उतरवणे एवढीच माडाची खरी छाटणी.

पाचवी पायरी : लेखी हरकत आणि पर्याय

हरकत म्हणजे नकार नव्हे. हरकतीच्या पत्रात पर्याय सुचवलेला असेल, तर दंडाधिकाऱ्यापुढे तुमची बाजू हट्टी माणसाची न राहता विचारी माणसाची होते. लघुदाब वाहिनीसाठी उघड्या तारांऐवजी एरियल बंच केबल टाकता येते, जी आवरणयुक्त असल्याने फांद्यांमधूनही जाऊ शकते. उच्चदाब वाहिनीसाठी खांबाची उंची वाढवणे, मध्ये एक खांब देऊन झोळ कमी करणे, खांब कुंपणाच्या रेषेवर सरकवणे किंवा थोड्या अंतरापुरती भूमिगत केबल, हे पर्याय असतात. पारेषण वाहिनी एकदा उभी राहिली की हलवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून तिथे हरकत घ्यायची ती मार्गाची मोजणी चालू असताना, शेतात लाल-पांढऱ्या काठ्या दिसू लागतात तेव्हाच.

भूमिगत केबल सुचवताना एक भान ठेवावे. चर खणताना बुंध्यालगतची जाड मुळे तोडली गेली, तर झाड वरून हिरवे दिसत राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर वादळात आडवे होते. चर छत्राच्या सावलीबाहेरून न्यावा, आणि ते शक्य नसेल तर मुळांच्या भागात यंत्राने न खणता हाताने खणावे किंवा खालून आडवे छिद्र पाडून केबल ओढावी, अशी अट पत्रात घालावी.

पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

‘प्रति, उपकार्यकारी अभियंता, (उपविभाग). विषय : गट क्रमांक / नगर भूमापन क्रमांक अमुक येथील वृक्षांबाबत. महोदय, वरील मिळकत माझ्या मालकीची असून तिच्यात खांब क्रमांक अमुक ते तमुक यांदरम्यान अमुक जातीची इतकी झाडे आहेत. ही झाडे सदर वाहिनी उभारण्यापूर्वीपासून अस्तित्वात असल्याचे सोबतच्या कागदपत्रांवरून दिसून येते. आपल्या प्रस्तावित कामाचा कायदेशीर आधार, आदेशाची प्रत आणि वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी मला मिळावी. तारेपासून आवश्यक तेवढ्याच अंतरातील फांद्यांच्या छाटणीस माझी हरकत नाही. मात्र झाडे मुळापासून तोडण्यास हरकत आहे. पर्याय म्हणून अमुक उपाय सुचवीत असून संयुक्त पाहणीसाठी दिनांक कळवावा. माझ्या अनुपस्थितीत काम करू नये, ही विनंती. भरपाईचा माझा हक्क मी राखून ठेवीत आहे.’

पत्राची एक प्रत तहसीलदाराला आणि एक वृक्ष अधिकाऱ्याला द्यावी व प्रत्येकाकडून पोच घ्यावी. पोच नसलेले पत्र सरकारी कार्यालयात जन्मालाच आलेले नसते.

सहावी पायरी : प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

काम सुरू होण्याआधी प्रत्येक झाडाचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे 1.37 मीटरवर, टेपने मोजावा आणि झाडांना चुन्याने क्रमांक घालावेत. काम संपल्यावर पंचनामा व्हावा. त्यात झाडाची जात, घेर, अंदाजे वय, फळधारणा चालू आहे की नाही, किती फांद्या छाटल्या आणि किती झाडे तोडली, हे सर्व यावे, आणि कंपनीचा प्रतिनिधी, मालक व दोन पंच यांच्या सह्या असाव्यात. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर, तसेच ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे छापलेल्या कागदावर सही करू नये. सही करावीच लागली, तर ‘भरपाईचा हक्क राखून’ असे स्वहस्ते लिहून करावी.

छाटणी कशी होते यावर झाडाचे पुढचे आयुष्य ठरते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो. छेद त्या भागाच्या लगेच बाहेर द्यावा. फांदी मध्येच तोडून खुंट ठेवला तर तो कुजतो, आणि फुगीर भागासह खोडाशी सपाट घासून छाटली तर जखम भरून येत नाही. जड फांदीला आधी खालून थोडा छेद, मग त्याच्या पुढे वरून छेद आणि शेवटी उरलेला खुंट, अशा तीन टप्प्यांत उतरवले म्हणजे साल खालपर्यंत सोलली जात नाही. संपूर्ण शेंडा सपाट उडवण्यापेक्षा तारेच्या दिशेच्याच फांद्या त्या फुटतात तिथे छाटून झाडाला दुसरीकडे वाढू देणे हितकर आहे, कारण शेंडा उडवलेले झाड पुढच्या वर्षी तिथूनच दाट आणि कमजोर धुमारे फेकते व कंपनीला पुन्हा यावे लागते. एका वेळी छत्राचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. कंत्राटदाराच्या माणसांना हे कामाच्या आधी शांतपणे सांगितले, तर बरेचदा ते ऐकतात.

तोडलेले लाकूड आणि फळे मालकाची. कंपनीला मिळतो तो जागेचा वापर, लाकडाची मालकी नव्हे. तेव्हा ट्रकमध्ये भरून नेले जाणारे ओंडके थांबवून त्यांची नोंद पंचनाम्यात करावी. सागासारखे लाकूड पुढे हलवायचे असेल, तर वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो.

सातवी पायरी : भरपाई मागणे आणि तिच्यावर दाद मागणे

मागणीपत्रात नुकसानीचे भाग वेगळे मांडावेत : तोडलेल्या फळझाडांचे भावी उत्पन्न, इमारती झाडांच्या लाकडाची किंमत, उभ्या पिकाचे नुकसान, कुंपण वा ठिबकच्या नळ्यांची मोडतोड, आणि मनोरा असेल तर जमिनीच्या वापरावर आलेली मर्यादा. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभागाकडून आणि इमारती झाडांचे वन विभागाकडून करून घेण्याची पद्धत आहे. आंब्याच्या किंवा नारळाच्या विक्रीच्या पावत्या, अगदी बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या असल्या, तरी त्या जोडाव्यात, कारण वार्षिक निव्वळ उत्पन्नाचा आकडा तिथूनच सिद्ध होतो. केरळच्या वीज मंडळाच्या 2007 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, भरपाईसाठी सर्वत्र एकच सूत्र लावता येणार नाही; जमीन कुठे आहे, तार तिच्या मधोमध जाते की कडेने, तुकडा किती लहान आहे आणि उरलेल्या जागेचा उपयोग किती घटतो, हे सारे पाहिले पाहिजे. लहान घरबांधणीच्या भूखंडाच्या मधून तार गेलेल्या मालकाने हा मुद्दा अवश्य मांडावा.

पारेषण वाहिन्यांसाठी, म्हणजे 66 केव्ही आणि त्यावरील, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 15 ऑक्टोबर 2015 रोजी मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल 15 टक्के भरपाई सुचवली होती. 14 जून 2024 च्या सुधारित तत्त्वांत हे प्रमाण अनुक्रमे 200 आणि 30 टक्के करण्यात आले. ही रक्कम झाडे व पिकांच्या नुकसानभरपाईहून वेगळी असते. राज्यांतर्गत वाहिनीला राज्याचा शासन निर्णय लागू होतो, म्हणून कामाच्या तारखेला अमलात असलेल्या निर्णयाची प्रत उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळवावी.

रक्कम अमान्य असेल, तर दाद कुठे मागायची हे पुन्हा तिसऱ्या पायरीतल्या उत्तरावर अवलंबून आहे. कलम 67 खालील भरपाईचा वाद कलम 67(4) नुसार योग्य वीज नियामक आयोगाकडे, म्हणजे राज्यातील वाहिनीसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे जातो. कलम 164 खालील कामात तार अधिनियमाच्या कलम 16(3) प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा असतो. कलम 68 खाली दंडाधिकाऱ्यापुढे कंपनीचा अर्ज चालू असेल, तर त्याच कार्यवाहीत भरपाईची मागणी मांडावी. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच हा वीजबिल व पुरवठ्याच्या तक्रारींसाठी आहे. झाडाच्या भरपाईसाठी तिथे जाऊन लोक वेळ घालवतात. रक्कम देऊ केली असेल तर ती निषेध नोंदवून स्वीकारता येते. संपूर्ण व अंतिम असे लिहिलेल्या पावतीवर मात्र सही करू नये. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

वायू आणि तेलवाहिन्या

जमिनीखालून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांसाठी 1962 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची रीत विजेपेक्षा स्पष्ट आहे. प्रथम कलम 3 ची अधिसूचना निघते. ती निघाल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. ही मुदत चुकली तर पुढे मार्गाबद्दल बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही. वापराचा हक्क प्रस्थापित झाल्यावर त्या पट्ट्यात इमारत, विहीर किंवा तलाव करता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. त्यामुळे बाग त्या पट्ट्यात कायमची गमावली, हे गृहीत धरूनच भरपाईचा विचार करावा. झाडे व पिकांच्या नुकसानीची भरपाई आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम कायद्याने देय असते. ती अमान्य असल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

वाहिनी हलवून घ्यायची असेल तर

काही मालकांना शेवटी तोडगा हवा असतो तो वाद मिटवणारा, विशेषतः घराचा मजला वाढवायचा असेल किंवा जुना आंबा वाचवायचा असेल तेव्हा. महावितरणच्या वाहिनीबाबत उपविभागाकडे अर्ज केल्यास पाहणी होऊन अंदाजपत्रक मिळते, आणि 1.3 टक्के पर्यवेक्षण शुल्क भरून परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ते काम मालकाने स्वखर्चाने करून घेण्याची पद्धत रूढ आहे. खर्च शेजाऱ्यांत वाटता येत असेल तर संयुक्त अर्ज करावा. कलम 164 खालील वाहिनीसाठी तार अधिनियमाचे कलम 17 उपयोगी आहे : जमिनीचा वापर करण्यासाठी वाहिनी हलवणे आवश्यक वा सोयीचे असेल, तर मालक तशी मागणी करू शकतो, पूर्वी भरपाई दिलेली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा त्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती त्याने भरायची असते, आणि कंपनीने मागणी मान्य केली नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

तार राहणारच असेल, तर तिच्याखाली पुन्हा आंबा, नारळ किंवा निलगिरी लावू नये. नंतर लावलेल्या झाडाला कलम 68(6) चा आधार मिळत नाही, हे वर आलेच आहे. लिंबू, पेरू, डाळिंब, कढीपत्ता, जास्वंद यांसारखी, छाटणीने उंची राखता येणारी झाडे तिथे चालतात. नवी मोठी झाडे लावायची असतील, तर ती पट्ट्याबाहेर लावून त्यांची तारीखवार नोंद आणि फोटो मिळकतीच्या कागदांबरोबर एकाच फाईलमध्ये ठेवावेत.